टिश्यू, पाणी आणि डोप: बाल्साच्या पंखावरचा कागद नेमकं काय काम करतो?

बाल्साच्या सांगाड्यावर टिश्यू पेपर चढवलेलं मॉडेल विमान उजेडासमोर धरलं की आतल्या रिब, स्पार सगळं आरपार दिसतं. बघणाऱ्याला वाटतं, ताकद काय ती लाकडात. कागद बिचारा हवा अडवायला आहे. एरोस्पेसच्या विद्यार्थ्यांचाही बऱ्याचदा हाच समज असतो.

एक सोपी गोष्ट करून बघा. पंखाचा सांगाडा तयार झाला, पण कागद चढवायचा आहे, अशा वेळी त्याची दोन टोकं दोन हातांत धरा आणि ओला टॉवेल पिळतो तसा अगदी हलका पीळ द्या. सांगाडा सहज वळतो, भीती वाटावी इतका. मग कागद चढवा, पाण्यानं ओला करा, वाळू द्या, पातळ डोपचे दोन हात मारा. आता पुन्हा पीळ द्यायला जा. तोच पंख ढिम्म हलत नाही. साठ सेंटिमीटर लांब आणि दहा सेंटिमीटर रुंद पंख धरला, तर वरखाली मिळून कागद लागतो ०.१२ चौरस मीटर. चांगला टिश्यू चौरस मीटरला १२ ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे कागदाचं वजन जेमतेम दीड ग्रॅम; डोपचंही तेवढंच धरू. तीन ग्रॅममध्ये एवढा फरक पडला.

हा कडकपणा येतो कुठून, तो कायम का राहत नाही, आणि असा पंख तुम्ही विंड टनेलमध्ये किंवा प्रोजेक्टच्या उड्डाणात वापरणार असाल तर काय मोजून ठेवायला हवं, यावर आजचा लेख आहे. एनसीसीच्या एअर विंगमध्ये ज्यांनी एरोमॉडेलिंग केलंय त्यांना कृती पाठ असेल. आपण कृतीमागची कारणं बघू.

लाकडाबद्दल दोनच ओळी. बाल्सा हे दक्षिण आणि मध्य अमेरिकेतलं झाड, शास्त्रीय नाव ऑक्रोमा पिरॅमिडेल. बाजारातला सर्वांत जास्त माल इक्वेडोरमधून येतो. स्पॅनिशमध्ये ‘बाल्सा’ म्हणजे तराफा. मॉडेलसाठी निवडलेल्या लाकडाची घनता घनमीटरला १०० ते १५० किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या सागवानाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकी. एकाच फळीत ती बदलते, म्हणून डाव्या-उजव्या पंखांचे स्पार तोलून जोडी लावतात. पुढे कागद दोन्ही पंखांना सारख्याच जोरानं ओढणार आहे. एका बाजूचं लाकूड मऊ असेल तर तीच बाजू आधी वाकेल.

कागदाला दिशा असते

मशीनवर कागद बनतो तेव्हा पाण्यात तरंगणारे तंतू धावत्या जाळीवर पडतात आणि बरेचसे धावण्याच्या दिशेला लागून बसतात. याला ग्रेन म्हणतात. ग्रेनच्या दिशेनं कागद कडक आणि मजबूत, आडव्या दिशेनं मऊ. तो ओळखायचा कसा? फाडून बघा. ग्रेनच्या दिशेनं सरळ फाटतो, आडवा फाडला की वेडावाकडा जातो. किंवा छोटा चौकोन एकाच बाजूनं ओलसर करा. तो सुरळीसारखा वळेल. त्या सुरळीचा अक्ष म्हणजे ग्रेनची दिशा.

सुरळी का होते, हे समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. सेल्युलोजचा तंतू पाणी प्यायला की जाडीत फुगतो, लांबीत जवळजवळ वाढत नाही. पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं, पण त्याची उंची वाढल्याचं कुणी ऐकलेलं नाही, तेच कारण. तंतू ग्रेनच्या दिशेला लागलेले असतात, म्हणून ओला कागद आडव्या दिशेत जास्त पसरतो, साधारण दोन-तीनपट.

मॉडेलसाठीचा टिश्यू आणि गिफ्ट गुंडाळायचा टिश्यू दिसायला सारखे, पण ओले झाल्यावर वेगळे. एक पट्टी पाण्यात बुडवून दोन्ही बाजूंनी ओढा. साधा टिश्यू हातात लगदा होऊन येतो. जपानी टिश्यू ओला असतानाही धरून राहतो. लांब तंतूंच्या, तुतीच्या जातीच्या झाडांच्या सालींपासून कागद करण्याची जपानची परंपरा आहे, आणि लांब तंतूंची गुंफण ओली होऊनही सहज सुटत नाही. आपल्याकडे पतंगाचा कागद सर्रास वापरतात. स्वस्त आहे, रंग सुंदर असतात, पण एका दुकानातला गठ्ठा दुसऱ्यासारखा वागेलच असं नाही. पंखाला लावण्याआधी ही ओली ओढाताण करून बघायची. दोन मिनिटांचं काम आहे.

ओला करून वाळवल्यावर घट्ट का होतो?

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. व्हायव्हात विचारण्यासारखा. कागद कोरडाच चिकटवला. थोडा सैल राहिला, सुरकुत्या दिसतायत. पाण्याचा फवारा मारला. तंतू फुगले, कागद आणखी लोंबला. आता पाणी उडून गेलं, तंतू मूळ जाडीवर आले. मग कागदही मूळ मापावर यायला हवा, सुरकुत्यांसकट! पण प्रत्यक्षात तो मूळपेक्षा लहान होतो आणि ढोलाच्या पानासारखा ताणला जातो. ही जास्तीची आक्रसण आली कुठून?

उत्तर कागदाच्या कारखान्यात आहे. ओला कागद मशीनवर रोलरांनी ओढला जात असतानाच वाळतो. त्याला मनासारखं आक्रसू दिलेलं नसतं. तंतूंमधले हायड्रोजन बंध त्या ताणलेल्या अवस्थेत जुळतात आणि ताण आतच कैद होतो. कागदशास्त्रात याला वाळतानाच गोठलेला ताण म्हणतात. तुम्ही फवारा मारता तेव्हा पाणी ते बंध सोडवतं, कैद सुटते. वाळताना नवे बंध जुळतात ते आखूड मापावर. पहिल्या फवाऱ्याला आपण खरं तर कारखान्यातली जुनी थकबाकी वसूल करतो.

थकबाकी एकदाच वसूल होते. म्हणून पहिल्या फवाऱ्यानं कागद छान ताणला जातो, दुसऱ्यानं थोडासाच, तिसऱ्यानं जवळजवळ नाहीच. सुरकुती राहिली म्हणून परत परत पाणी मारत बसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. पहिल्या दोन वेळांत गेली नाही ती सुरकुती चिकटवतानाच बसलेली आहे. तेवढा भाग थिनरनं सोडवून परत ओढून लावणं बरं.

आता पंखाची चौकट कागदाला आक्रसू देत नाही, म्हणून आक्रसण्याऐवजी ताण तयार होतो. ताण म्हणजे ढोबळमानानं कडकपणा गुणिले न झालेली आक्रसण. आडव्या दिशेत आक्रसण जास्त पण कडकपणा कमी; ग्रेनच्या दिशेत उलट. त्यामुळे ‘कागद आडवा जास्त आक्रसतो म्हणून तिकडे जास्त ओढतो’ असं एका झटक्यात म्हणता येत नाही. चौकटीत अडकवून वाळवलेल्या कागदात बहुतेक वेळा ग्रेनच्या दिशेचा ताणच जास्त भरतो. पंखावर ग्रेन नेहमी स्पॅनच्या दिशेनं, मुळापासून टोकाकडे लावायचा, हा जुना नियम इथे उपयोगी पडतो. कसा, ते बघू. मला या विषयातला हा सर्वांत आवडता भाग आहे.

दोन रिबमधला खड्डा

कोणत्याही टिश्यूच्या पंखाकडे तिरक्या उजेडात बघा. रिबवर कागद उंच, दोन रिबच्या मध्ये खोलगट. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की कागद नीट ताणला नाही. पण नीट ताणलेल्या कागदातही हा खड्डा पडतोच. तो पडायलाच हवा.

का? ताणलेल्या पातळ पडद्याच्या एका छोट्या तुकड्याचा विचार करा. पंखाचा वरचा पृष्ठभाग पुढून मागे, म्हणजे कॉर्डच्या दिशेनं, बाहेर फुगीर आहे. त्या दिशेचा ताण तुकड्याला आत, पंखाच्या पोटाकडे ओढतो. वाटीवर ताणलेला रबर बँड जसा वाटीला दाबतो तसा. जिथे खाली रिब आहे तिथे रिब तो दाब घेते. दोन रिबच्या मध्ये खाली काहीच नाही. मग तुकडा आत जाण्यापासून कोण थांबवणार? फक्त स्पॅनच्या दिशेचा ताण, आणि तोही कागद त्या दिशेनं उलटा, खोलगट वळला तरच. म्हणून कागद घोड्याच्या खोगिरासारखा आकार घेतो: एका दिशेनं फुगीर, दुसऱ्या दिशेनं खोल. साबणाच्या पाण्याचा पडदा वेड्यावाकड्या तारेवर धरला तर तोही याच कारणानं खोगीर होतो.

समीकरण एका ओळीत मावतं: कॉर्डच्या दिशेचा ताण गुणिले तिकडची वक्रता बरोबर स्पॅनच्या दिशेचा ताण गुणिले तिकडची उलटी वक्रता. एवढ्यावरून खड्डा मोजता येतो. १०० मिलिमीटर कॉर्डच्या पंखाचा वरचा पृष्ठभाग मध्यभागी ८ मिलिमीटर उंच धरा. साधा वर्तुळाचा कंस मानला तर त्रिज्या कॉर्डचा वर्ग भागिले उंचीच्या आठपट, म्हणजे सुमारे १५६ मिलिमीटर. दोन्ही दिशांना ताण सारखा असेल तर दोन रिबच्या मध्ये स्पॅनच्या दिशेची त्रिज्याही तेवढीच. रिबमधलं अंतर ३० मिलिमीटर असेल तर खड्ड्याची खोली ९०० भागिले आठ गुणिले १५६, म्हणजे ०.७ मिलिमीटर. आठ मिलिमीटरच्या उंचीतून पाऊण मिलिमीटर गेले! तुम्ही कॉम्प्युटरवर जो एअरफॉइल निवडला तो फक्त रिबवर आहे. मधल्या भागात दुसराच आहे.

या एका समीकरणातून कितीतरी गोष्टी आपोआप निघतात, ज्या जुने मॉडेलर सवयीनं करत आलेत. खड्डा अंतराच्या वर्गावर अवलंबून आहे, म्हणून रिबमधलं अंतर निम्मं केलं की खड्डा चौथाईवर येतो. लीडिंग एजपाशी वक्रता सर्वांत जास्त, म्हणून खड्डाही तिथेच खोल. म्हणून अनेक नकाशांत दोन पूर्ण रिबच्या मध्ये पुढच्या भागापुरती एक तोकडी, अर्धी रिब असते. मागे वक्रता कमी, तिथे तिची गरज नाही. सपाट तळाच्या पंखाला खालून खड्डा पडत नाही, कारण वक्रता शून्य. आणि तळ आत वळलेला असेल तर कॉर्डच्या दिशेचा ताण कागदाला रिबपासून सुटं करायला बघतो; म्हणून अशा तळाला कागद प्रत्येक रिबला चिकटवावा लागतो, तर वरच्या बाजूला फक्त कडेनं चिकटवला तरी चालतं.

ग्रेनचं कोडंही सुटलं. स्पॅनच्या दिशेचा ताण कॉर्डच्या दिशेपेक्षा जास्त असेल तर तोल सांभाळायला कमी खोलगटपणा पुरतो. ग्रेन स्पॅनला लावला की हाच फायदा मिळतो. सगळा कागद नुसता जास्त घट्ट केल्यानं मात्र खड्डा भरत नाही. समीकरणात ताणांचं गुणोत्तर आहे, ताण किती ते नाही. हे मला स्वतःला कागदावर मांडेपर्यंत पटलं नव्हतं.

आता हा खड्डा वाईटच का? इथे जरा थांबा. दहा सेंटिमीटर कॉर्ड आणि सेकंदाला पाच मीटर वेग धरला तर रेनॉल्ड्स अंक येतो सुमारे ३३,०००. मोठ्या विमानांचा लाखांत आणि कोटींत असतो. या खालच्या पट्ट्यात हवेचा थर पृष्ठभागाला चिकटून राहायला कुरकुरतो आणि लवकर सुटतो. जर्मनीतल्या एफ. डब्ल्यू. श्मिट्झ यांनी १९४० च्या सुमारास मॉडेल विमानांच्या पंखांवर विंड टनेलमध्ये पद्धतशीर काम केलं आणि अशा वेगांना गुळगुळीत, जाड एअरफॉइल एका मर्यादेखाली अचानक नापास होतात हे दाखवलं. त्यामुळे पृष्ठभाग जितका काचेसारखा तितका चांगला, हे मोठ्या विमानांचं शहाणपण इथे तसंच्या तसं लागू होत नाही. मॉडेलर तर मुद्दाम पंखावर दोरा चिकटवून हवा खवळवतात. खड्डा आहे हे मान्य करा, मोजा, आणि रिपोर्टमध्ये लिहा. एअरफॉइलचं नुसतं नाव लिहून पुढे जाऊ नका.

पीळ कोण सोसतो

सुरुवातीच्या टॉवेलच्या प्रयोगाकडे येऊ. उघडा सांगाडा म्हणजे शिडी. शिडी वाकवायला अवघड, पिळायला सोपी. बंद नळीचं उलट असतं. रुडॉल्फ ब्रेड्ट यांनी १८९६ मध्ये दाखवलं की पातळ भिंतीच्या बंद नळीचा पीळ सोसण्याचा कडकपणा तिनं वेढलेल्या क्षेत्रफळाच्या वर्गावर जातो. कागद चढला की शिडीची नळी होते. भिंत कितीही पातळ असो, ती लाकडापासून लांब, बाहेरच्या बाजूला आहे, हेच तिचं भांडवल.

पण कागद दाब घेऊ शकत नाही ना? पीळ दिल्यावर प्रत्येक चौकोनात एक कर्ण ताणला जातो आणि दुसरा दाबला जातो. दाबलेल्या दिशेला सैल कागद लगेच चुरगळतो. इथे आधी भरलेला ताण कामाला येतो. कागद सगळीकडून ताणलेला असेल तर दुसऱ्या कर्णावर दाब येण्याऐवजी आधीचा ताण थोडा कमी होतो, इतकंच. शिल्लक संपेपर्यंत कागद दोन्ही कर्णांवर काम करतो. सायकलच्या चाकाचे आरे असेच चालतात: खालचा आरा दाबला जात नाही, त्याचा ताण घटतो. शिल्लक संपल्यावर सुरकुत्या पडतात, पण ताणलेला कर्ण ओझं वाहतच राहतो. हर्बर्ट वॅग्नर यांनी १९२९ मध्ये धातूच्या पातळ पत्र्यांसाठी हाच सिद्धांत मांडला आणि त्यावर विमानांच्या कितीतरी रचना उभ्या राहिल्या.

ही शिल्लक हवेवर ठरते. पावसाळी हवेत ढोलाचं चामड्याचं पान उतरतं, वादक ते शेकून चढवतात, हे पुण्या-मुंबईत कुणाला सांगायला नको. सेल्युलोजचं तसंच. समजा, एका विद्यार्थ्यानं जुलैत पंखाचा पीळ-कडकपणा मोजला आणि दुसरीनं तोच पंख जानेवारीच्या दुपारी मोजला. आकडे जुळणार नाहीत, आणि दोघांचंही मोजणं बरोबर असेल. त्यात जुलैच्या आलेखाचा सुरुवातीचा भाग जवळजवळ आडवा दिसू शकतो, कारण सैल कागद लहान पिळाला विरोधच करत नाही. घट्ट झाल्यावर मग रेष चढते. ही चूक उपकरणाच्या ढिलाईची समजून तेवढा भाग काढून टाकण्याचा मोह होतो. तो भाग खरा आहे.

डोप

डोपची कामं तीन: कागदाची छिद्रं बुजवणं, ओलावा आत जाण्याचा वेग कमी करणं, आणि आणखी ताण देणं. नायट्रेट डोप म्हणजे नायट्रोसेल्युलोज द्रावकात विरघळवलेलं. सेल्युलोजच्या पाणी ओढणाऱ्या गटांपैकी बऱ्याच जागी नायट्रेट बसल्यामुळे ते कागदापेक्षा खूप कमी पाणी पितं. द्रावक उडून गेला की थर आक्रसतो, आणि हे आक्रसणं हात सुकल्यावर थांबत नाही. राहिलेला द्रावक आठवड्यांनी सावकाश निघत राहतो. आज सरळ दिसणारा पंख महिन्यानं वाकडा झाला तर दोष याचा असतो.

हलक्या सांगाड्यासाठी डोप निम्म्याला निम्मं थिनर घालून पातळ करतात आणि त्यात एरंडेलाचे काही थेंब टाकतात. एरंडेल साखळ्यांच्या मध्ये शिरून थर लवचीक ठेवतं, आक्रसणं कमी करतं. कापूरही हेच काम करतो. नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर घातला की सेल्युलॉइड होतं, अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी १८७० मध्ये पेटंट घेतलेलं. जुन्या सिनेमाची रिळं याच जातीची. ती किती पेट घेतात हे पुण्यानं २००३ मध्ये पाहिलंय, जुन्या नायट्रेट फिल्मना लागलेल्या आगीत मराठी सिनेमाचा मोठा ठेवा गेला. तुमच्या हातातल्या बाटलीत तेच रसायन आहे. उदबत्ती, सोल्डरिंग गन, हीटर लांब ठेवा.

वासाबद्दलही बोलायला हवं, कारण ‘थोडं चक्कर आल्यासारखं होतं, पण चालतं’ असं ऐकू येतं. पहिल्या महायुद्धात खऱ्या विमानांच्या कापडावर डोप लावत. नायट्रेट पेटतं म्हणून सेल्युलोज अ‍ॅसिटेटचं डोप आलं, पण त्याला विरघळवायला टेट्राक्लोरोइथेन वापरलं गेलं, जे यकृत पोखरतं. ब्रिटनच्या विमान-कारखान्यांत डोप लावणाऱ्या कामगारांना, त्यात बायका पुष्कळ होत्या, विषारी कावीळ झाली, काही दगावले. १९१६ पासून तिथे हा आजार सरकारला कळवणं सक्तीचं झालं आणि तो द्रावक मागे पडला. आजच्या डोपमध्ये तो नसतो, पण हॉस्टेलच्या बंद खोलीत पंखा बंद करून (धूळ बसू नये म्हणून!) डोप लावणं हा शुद्ध वेडेपणा आहे. खिडकी उघडी ठेवा, किंवा गच्चीत सावलीत बसा.

मात्र दमट दिवशी तिथेही नको. द्रावक झपाट्यानं उडताना पृष्ठभाग थंड करतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि थर पांढुरका, दुधाळ होतो. तो भाग दिसायला वाईट असतोच, शिवाय छिद्राळ आणि कमजोर राहतो. कोरड्या दिवशी वरून नुसतं थिनर फिरवलं की बहुधा सुधारतो. कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी डोपचं काम दिवाळीनंतर ठेवलेलं बरं.

रंगासाठी आधीच रंगीत असलेला टिश्यू घ्यावा. रंगाचा एक हात कागदापेक्षा जड होऊ शकतो, आणि शेपटीकडचा प्रत्येक ग्रॅम नाकाशी दोन-तीन ग्रॅमचं वजन मागतो.

वाकडेपणा

वरचा आणि खालचा कागद सारख्या ताणानं ओढत असतील तर सांगाडा सरळ राहतो. नसतील तर पंख अशा आकाराला जाऊन थांबतो जिथे दोघांचा तोल साधतो. पहिल्या फवाऱ्यानंतर पंख बोर्डावर टाचण्यांनी आणि ठोकळ्यांनी धरून पूर्ण वाळवायचा, कारण नवे बंध ज्या आकारात जुळतील तोच आकार पंख धरून बसेल. हवा असलेला पीळही याच वेळी देतात: टोकाकडे ट्रेलिंग एजखाली दोन-तीन मिलिमीटरचा ठोकळा, म्हणजे टोक उशिरा स्टॉल होतं. फार नाजूक सांगाडा असेल तर कागद आधी वेगळ्या चौकटीवर ओला करून आक्रसवून घ्यायचा आणि मग चढवायचा. थकबाकी बाहेरच वसूल झाली, पंखाला तेवढा कमी जोर सोसावा लागतो.

वाकडा झालाच तर केटलच्या वाफेवर धरून उलट्या दिशेला थोडा जास्त पीळ द्या आणि गार होईपर्यंत धरून ठेवा. ओलावा आणि उष्णता मिळून कागद आणि डोप दोन्ही मऊ करतात, आतले बंध नव्यानं बसतात. पाण्यानं जे केलं तेच, सावकाश आणि हातानं.

ताण मोजायचा कसा

आता संशोधनाची खरी गंमत. लोडसेल नको, फोन पुरे. बाल्साची १० गुणिले १० सेंटिमीटरची दणकट चौकट करा, त्यावर टिश्यू लावा, फवारा मारून वाळवा. बोटाच्या टोकानं मधोमध हलकी टिचकी मारा आणि फोनवरच्या वारंवारता दाखवणाऱ्या कुठल्याही अ‍ॅपनं सर्वांत खालचा सूर वाचा. पुस्तकात चौकोनी पडद्याचं सूत्र आहे: सुराचा वर्ग ताणाच्या प्रमाणात आणि चौरस मीटरमागच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात. टिश्यूचे १२ ग्रॅम घालायचे आणि ताण काढायचा. सोपं.

आणि चूक. पडदा हलतो तेव्हा दोन्ही बाजूंची हवाही हलते. दहा सेंटिमीटरच्या पडद्यासोबत हलणाऱ्या हवेचं वजन, ढोबळ हिशेबानं, चौरस मीटरला काही दशक ग्रॅम येतं. म्हणजे टिश्यूच्या कितीतरी पट! तबल्याच्या जाड पुडीला हे फारसं जाणवत नाही. टिश्यूला सगळ्यात मोठं वजन हवेचंच असतं. नुसत्या कागदाचं वजन घालून काढलेला ताण खऱ्याच्या काही पट कमी येईल, आणि आकडा दिसायला मात्र अगदी शहाणा असेल.

यातून सुटका अशी. खरा ताण न काढता एकाच चौकटीची स्वतःशी तुलना करा. हवेचं वजन चौकटीच्या मापावर ठरतं, ते दोन्ही वेळा तेच; म्हणून ताणांचं गुणोत्तर म्हणजे सुरांच्या गुणोत्तराचा वर्ग. सूर २०० वरून १४० हर्ट्झवर आला तर ताण जवळजवळ निम्मा झाला. डोप लावल्यावर पडद्याचं वजन बदलतं, तेव्हा चौकट आधी आणि नंतर तोलून ठेवा.

आर्द्रता बदलायला महागडं चेंबर लागत नाही. घट्ट झाकणाचे दोन मोठे डबे घ्या. एकात वाटीभर मीठ, त्यात ते पूर्ण विरघळणार नाही इतकंच पाणी घालून. अशा मिठाच्या चिखलावरची हवा ७५ टक्के आर्द्रतेला स्थिर होते. दुसऱ्यात मॅग्नेशियम क्लोराइडचा तसाच चिखल. तिथे सुमारे ३३ टक्के. वाटीतलं पाणी चौकटीला लागू द्यायचं नाही. स्वस्त आर्द्रतामापक आत ठेवा म्हणजे डबा गळतोय का ते कळेल.

एक पथ्य. कागदातला ओलावा हवेच्या आर्द्रतेवर ठरतो, तसाच तो ओल्याकडून आलाय की कोरड्याकडून, यावरही. दमट डब्यातून काढून मध्यम हवेत ठेवलेली चौकट आणि कोरड्या डब्यातून काढून त्याच हवेत ठेवलेली चौकट वेगळा सूर देतील. कागदाच्या चाचण्यांचं आयएसओ १८७ हे मानक म्हणूनच नमुना आधी कोरड्या हवेत ठेवायला सांगतं आणि मग २३ अंश व ५० टक्क्यांवर आणायला. उष्ण देशांसाठी २७ अंश व ६५ टक्क्यांचीही मुभा आहे. तुमच्या लॅबमध्ये यातलं काहीच शक्य नसेल तर निदान प्रत्येक आकड्यासमोर तापमान, आर्द्रता, आधीचे बारा तास चौकट कुठे होती आणि शेवटचा डोपचा हात किती दिवसांपूर्वीचा, या चार गोष्टी लिहा. एक चौकट बिनडोपची, एक डोपची, तीच टिचकी, दर तासाला एकदा. बिनडोपची चौकट डबा बदलल्यावर थोड्याच वेळात सूर बदलेल, डोपची मागे रेंगाळेल. ते रेंगाळणं किती तासांचं आहे हे कळलं, की पंख विंड टनेलमध्ये लावण्याआधी खोलीत किती वेळ ठेवायचा याचं उत्तर तुमच्या हातात येतं.